मागच्या रांगेतले वादक

गणपतीच्या दोनेक महिने आधी पुण्यात मुठेकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात आणि नवशिक्यांच्या तऱ्हा चव्हाट्यावर येतात. कुणी मागच्या रांगेत टिपरू ढोलाला न टेकवता नुसता हात हलवतो. त्याचा ठेका कधीच चुकत नाही. कुणी चुकला की ढोलाचा ताण तपासतो. आयटीतले साहेब आधी कमरेला ढोल बांधून फोटो टाकतात, वाजवायचं मागाहून बघतात. खरी शिकते ती कॉलेजातली पोरगी. चुकते, दणकून चुकते, तेही ताशेवाल्याच्या कानाशी.

२०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकाला ३० जणांची मर्यादा घातली; सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. बरं झालं. तिसांत न वाजवणाऱ्याने लपायचं कुठे?