काटा कोणाचा?

रविवारी रात्री पावणेनऊला सासूबाई व्हिडिओ कॉलवर तोंड उघडं ठेवून थांबल्या. बोलता बोलता सासूबाई थांबल्याचा हा आमच्या लग्नानंतरचा पहिलाच प्रसंग. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू नेट मीच बंद केलंय. मी निरपराधीपणे स्पीड टेस्ट लावली. काटा थरथरत वर गेला आणि आकडा आला 103.

प्लॅन 100 चा. म्हणजे तीन एमबीपीएस वर! भाजीवाली मावशी कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते, तेवढं सोडलं तर आयुष्यात मला कोणी जास्तीचं काही दिलेलं नाही. सासूबाईंचं तोंड मात्र उघडंच.

कंपनीला फोन लावला.

"सर, टेस्ट केली का? किती आला?"

"103."

"मग तुमच्याकडे प्रॉब्लेमच नाहीये, सर."

"अहो, पण सासूबाई अडकल्यात!"

"त्या आपल्या नेटवर्कच्या बाहेर असतील, सर."

गंमत म्हणजे पोरगं खरं बोलत होतं. टेस्ट सुरू झाली की आधी जवळचा, चटकन उत्तर देणारा सर्व्हर शोधला जातो आणि तो बऱ्याचदा नेट विकणाऱ्या कंपनीनेच आपल्या आवारात बसवलेला असतो. घरातून निघालेला डेटा कंपनीच्या दारापर्यंत जातो, पाणी पिऊन परत येतो. डोंबिवलीहून कोपरला तीन मिनिटांत पोचलो, यावरून सीएसएमटीला किती वाजता पोचणार याचं भाकीत करावं, तसं हे. पुढे काय चेंगराचेंगरी आहे ते टेस्टला ठाऊक नसतं, आणि तिला कोणी विचारतही नाही.

भाजीवाल्या मावशीच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. इथे मालही त्यांचा, काटाही बहुतेकदा त्यांच्याच ओसरीवर.

मग इरेला पेटून तीन वेगवेगळ्या टेस्टवर मोजलं. उकलाच्या नेहमीच्या स्पीड टेस्टवर 103. नेटफ्लिक्सच्या फास्टवर 71. ही टेस्ट 2016 ची आणि ती मोजायला नेटफ्लिक्सचेच सर्व्हर वापरते. वाटेत कोणी त्यांच्या सिनेमाचा गळा आवळत असेल तर गिऱ्हाइकाला कळावं, हा त्यातला धोरणी हिशोब. एम-लॅबवर आले 46. हिची रीत निराळी. उकला एका वेळी अनेक जोडण्या उघडतं, म्हणजे घरातले सगळे नळ सोडून बादली भरतं; एम-लॅब एकाच नळाखाली तांब्या धरतं. तिघांपैकी खोटं कोणी बोलत नाही. फक्त ग्राहक सेवेला त्यातलं एकच खरं ऐकू येतं.

बरं, व्हिडिओ कॉलला असे कितीसे एमबीपीएस लागतात? तीन-चार पुरतात. सासूबाई अडकतात त्या डेटाचं पाकीट पोचायला लागणाऱ्या वेळेमुळे आणि त्या वेळेच्या लहरीपणामुळे. चिरंजीव आतल्या खोलीत ट्रेकचे चारशे फोटो वर चढवत असले, की हा वेळ फुगतो. पण टेस्टच्या पडद्यावर तो आकडा कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. मधोमध भोपळ्याएवढा असतो तो 103.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. सकाळी अकराला, म्हणजे अख्खी सोसायटी ऑफिसात आणि नेट ओस. राउटरला पाठ टेकवून, स्वतःच्या फोनवर टेस्ट लावून म्हणाला, "हे बघा काका, 102."

"बेडरूममध्ये बघा ना."

तिथे आले 19. त्याने मधल्या लोखंडी कपाटावर टिचकी मारली. "हे हलवा."

कपाट सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. ते हलवायचं म्हणजे राउटर नव्हे, घर बदलावं लागेल. पण मुद्दा त्याचा बरोबर होता, हे मला फार लागलं.

समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त बँक मॅनेजर काका रोज सकाळी बीपी, साखर आणि स्पीड एकाच वहीत लिहितात. त्यांचा प्लॅन 300 चा आणि वहीत सात महिने रोज 94. वायर थेट लॅपटॉपला जोडलेली, तरी 94. अखेर कळलं, की जुन्या राउटरचं पोर्टच 100 चं. त्यातून यापेक्षा जास्त कधी निघणारच नव्हतं. नवा राउटर घ्यायला काका तयार नाहीत. म्हणतात, रीडिंग स्थिर आहे.

सरकारदरबारी दाद मागावी, तर ब्रॉडबँडची व्याख्या आडवी येते. 2004 साली 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, 2013 मध्ये ते 512 झालं आणि 2023 च्या जानेवारीत किमान 2 एमबीपीएस. म्हणजे माझे 19 तर कायद्याने वैभवच. शिवाय जाहिरातीत 100 च्या पुढे बारीक टाइपात 'पर्यंत' असतं. शाळेत आम्ही याला शब्दयोगी अव्यय म्हणायचो; या धंद्यात त्यावर संसार चालतात.

काल रात्री नऊला पुन्हा सगळ्यांचं नेट रखडलं. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान काढलं, "सर्वांनी आत्ताच्या आत्ता टेस्ट करून स्क्रीनशॉट टाकावा. पुरावा लागेल." 100 च्या वेगाने दहा सेकंद मोजायचं तर सव्वाशे एमबी ओढावे लागतात. अठ्ठेचाळीस ब्लॉक एकदम मोजायला बसले. होतं नव्हतं तेही नेट गेलं.

काकांचा स्क्रीनशॉट आज सकाळी सहाला येऊन पडला. 94.