आत्या की मावशी?

लेकीच्या बाळंतपणाला बर्मिंगहॅमला जायचं ठरलं तेव्हा हिनं डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाळंतशोपा, सुंठ आणि वेखंड अशी सगळी जय्यत तयारी केली. मी जावयाला फोन करून एवढंच विचारलं, तिथं बघण्यासारखं काय आहे? तो म्हणाला, "बाबा, हे टॉमी शेल्बीचं गाव आहे!" मला वाटलं, शेल्बी त्याच्या ऑफिसातले साहेब असावेत. त्यांच्यासाठी बाकरवडी आणू का, असंही मी विचारून ठेवलं.

टॉमी शेल्बी हा साहेब नसून गुंड आहे, आणि तोही खोटा, हे तिथं पोचल्यावर कळलं. 'पीकी ब्लाइंडर्स' नावाची बीबीसीची मालिका. २०१३ ते २०२२ या काळात सहा हंगाम, प्रत्येकी सहा भाग, म्हणजे उण्यापुऱ्या छत्तीस भागांत संपलेली. (आमच्याकडे छत्तीस भागांत नायिकेची मेंदीसुद्धा वाळत नाही.) काळ १९१९ नंतरचा. पहिल्या महायुद्धातून परतलेले भाऊ घोड्यांच्या शर्यतींवर सट्टा घेतात, माणसं मारतात आणि हे सगळं कडक इस्त्रीच्या थ्री पीस सुटात करतात. डोक्याला चपटी टोपी, अंगात लांब कोट, तोंडात सिगरेट. या मालिकेत कुणी कोपऱ्यावर निघालं तरी चाल संथ होते आणि मागं गिटार वाजू लागते. शीर्षकगीत निक केव्हचं, १९९४ सालचं. १९१९ च्या गोष्टीला १९९४ चं गाणं कसं, असं मी विचारलं तेव्हा जावयानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढं इतिहासाचे प्रश्न विचारणं बंद केलं.

टॉमीचं काम करणाऱ्या नटाचं नाव किलियन मर्फी. आयर्लंडमधल्या कॉर्कचा. पुढं 'ओपेनहायमर'साठी ऑस्कर मिळालं तोच. इंग्रजी स्पेलिंग पाहून मी त्याला 'सिलियन' म्हणालो. शांत स्वभावाचा आमचा जावई ताडकन म्हणाला, "किलियन!" या पंथात दीक्षा घ्यायची तर पहिला मंत्र हाच.

बाळ रात्री दोनला उठायचं. दूध पिऊन झालं की त्याला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम जावयाचं आणि माझं. आम्ही ते नीट करतो की नाही हे बघायला ही शेजारी बसायची. अशा मुहूर्तावर जावयानं आवाज बारीक करून पहिला भाग लावला.

पडद्यावर एका खोलीत शेल्बी कुटुंबाची बैठक भरली होती आणि एक बाई सगळ्या बाप्यांना फैलावर घेत होती. हिनं विचारलं, "ही कोण?"

"आँट पॉली."

"आँट म्हणजे? आत्या की मावशी?"

जावई म्हणाला, "आँट म्हणजे... आँट."

"अहो, असं कसं चालेल? मावशी असेल तर लाड करील, पण धंद्याच्या हिशेबात बोट घालणार नाही. काकू असेल तर हिचा नवरा कुठाय? मामी तर एवढं बोलूच शकणार नाही."

जावयानं ही मालिका तीनदा पाहिली होती. टॉमी कुठल्या भागात कुठला कोट घालतो ते तो झोपेतसुद्धा सांगेल. पण हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. रात्री अडीचला फोनवर शोधाशोध झाली. पॉली ही या पोरांच्या बापाची बहीण.

"म्हणजे आत्या! तरीच," असं म्हणून ही सोफ्यावर मांडी घालून बसली, ती छत्तिसाव्या भागालाच उठली म्हणायला हरकत नाही.

युद्धाच्या काळात पुरुष फ्रान्समध्ये खंदकात असताना सगळा धंदा या आत्येनं सांभाळला होता. परत आल्यावर भाचा म्हणतो, आता मी बघतो. हे एकदा कळल्यावर हिच्या लेखी गुंडगिरी वगैरे बाजूला पडली. "आर्थर थोरला ना? मग धाकट्याच्या तंत्रानं का चालतो?" बहीण एडा एका कम्युनिस्टाच्या प्रेमात पडली तेव्हा ही म्हणाली, "घरात लक्ष कोणाचं होतं?" दारूच्या गुत्त्यावर गाणारी गोरीपान ग्रेस पहिल्यांदा आली तेव्हाच हिनं निकाल दिला होता, "ही काही सरळ दिसत नाही." ग्रेस पोलिसांची हेर निघाली. त्या रात्री हिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आणि मला विचाराल तर तिचंच बरोबर आहे. जगभरचे चाहते स्वतःला काहीतरी जहाल, पुरुषी बघतोय असं समजून मध्यरात्री जे बघतात, तेच त्यांच्या आया संध्याकाळी साडेसातला बघतात. इस्टेट, थोरला-धाकटा, नको त्या घरातली सून आणि किल्ल्या कुणाच्या कमरेला. फरक एवढाच, की आमच्या मालिकांत दुधात विष कालवतात आणि इथं बंदूक काढतात. मी हे जावयाला सांगितलं. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ही गोष्ट ज्याच्या डोक्यातून निघाली तो स्टीव्हन नाइट बर्मिंगहॅमचाच. त्याच्या वडिलांची एक आठवण या मालिकेचं बीज आहे. वडील लहान असताना त्यांना एकदा निरोप घेऊन चुलत्या-मामांच्या अड्ड्यावर पाठवलं. आत टेबलभर पैशांचा ढीग, भोवती झकपक कपड्यांतली माणसं, आणि ही माणसं दारू पीत होती ती जामच्या रिकाम्या बाटल्यांतून. कारण पैसा कपड्यांवर उडवायचा, पेल्यांवर नाही. हे ऐकून हिचा त्या कुटुंबाबद्दलचा आदर दुणावला. आमच्या स्वयंपाकघरात मेथीदाण्यापासून मोहरीपर्यंत सगळं जामच्या बाटल्यांतच आहे. शिवाय 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर'च्या तीन निर्मात्यांपैकी हा नाइट एक. म्हणजे आपल्या 'कौन बनेगा करोडपती'चाही तो एक तृतीयांश बापच. जुगार त्याच्या रक्तातच असावा.

हिला एकच गोष्ट खटकली, सिगरेट. मर्फीनं मुलाखतीत सांगितलंय, की एका हंगामाला तीन हजारांच्या आसपास लागायच्या. पण त्या तंबाखूच्या नव्हत्या, जडीबुटीच्या होत्या. "म्हणजे वेखंडासारख्या," असं म्हणून हिनं त्यालाही माफ केलं.

माफ न करणारी एकच व्यक्ती भेटली, ती लेकीची शेजारीण. जन्मापासून बर्मिंगहॅमात राहिलेली आजी. अमेरिकेतल्या चाहत्यांना यातले उच्चार कळेनात म्हणून ते खाली अक्षरं लावून बघतात, आणि या आजीची तक्रार अशी, की आमच्याकडे असं कुणी बोलतच नाही. मुंबईच्या नटानं 'काय रं पावनं' म्हटल्यावर कोल्हापूरकराचा चेहरा जसा होतो, अगदी तस्सा तिचा झाला होता. त्या क्षणी मला परदेशात असल्यासारखं वाटेनासं झालं.

एका शनिवारी जावयानं आम्हाला शेल्बींच्या मोहल्ल्यात, स्मॉल हीथला नेलं. मालिकेतल्या वॉटरी लेनचं नाव आता एका भरधाव वाहत्या रस्त्याला उरलंय. शिवाय त्या गल्लीचं चित्रीकरण झालं लिव्हरपूलला. आजच्या स्मॉल हीथमध्ये कोव्हेंट्री रोडवर मिठाई, सलवार-कमीज आणि बिर्याणी. टॉमी काही दिसला नाही, पण हिला मेथीच्या जुड्या आणि चांगली कोथिंबीर मिळाली. भाजीवाल्याशी ती हिंदीत घासाघीस करत होती, तेवढ्यात जावई म्हणाला, "पहिल्या हंगामात मशीनगनची पेटी चोरीला जाते ना, ती इथल्याच बीएसए कारखान्यातून."

बीएसए? मी जागीच थबकलो. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बंदुकांचा कारखाना. पुढं त्यांनी सायकली केल्या, मोटरसायकली केल्या. तेच नाव लावून मद्रासच्या टीआय सायकल्सनं आपल्याकडे सायकली विकल्या. आणि माझी पहिली सायकल, पाटबंधारे खात्यातल्या पहिल्या सहा पगारांतून घेतलेली, बीएसए एसएलआर होती! इतकी वर्षं मी ज्या तीन अक्षरांना फडकं मारत होतो, त्यांचं मूळ गाव हे. मेथीची पिशवी हातात धरून मी त्या रस्त्यावर चार पावलं संथ चालून पाहिलं. मागं गिटार वाजली नाही. हॉर्न वाजला.

इथून माझंही बिघडलं. मी टोपी घेतली. टोपीआधी केस कापून घ्यायचा विचार होता. टॉमी कडेचे केस पार भादरतो आणि माथ्यावरचे राखतो. माझ्या माथ्यावर जे नाही तेच त्याचं वैभव आहे, आणि तो जे भादरतो तेवढीच माझी शिल्लक. न्हाव्यानं मला पुढून आणि मागून पाहिलं आणि सभ्यपणे सांगितलं, "सर, टोपी छान दिसेल."

टोपी घालून आम्ही डडलीला गेलो. तिथं ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम आहे. जुनी दुकानं, कालवा आणि नावा जशाच्या तशा मांडून ठेवल्यात आणि मालिकेचं पुष्कळ चित्रीकरण तिथंच झालं. मालिकेच्या नावानं तिथं संध्याकाळचे खास कार्यक्रम भरवतात. आम्ही आत शिरलो तर नजर जाईल तिकडे टॉमी. लठ्ठ टॉमी, चष्म्यातला टॉमी, तीन मुलांना आवरणारा टॉमी, बायकोची पर्स धरून उभा टॉमी. सगळे चेहऱ्यावर खोल दुःख आणून संथ चालत होते. त्यामुळे मासे-बटाट्याच्या दुकानापुढची रांग काही केल्या सरकेना. तिथं चरबीत तळतात असं कळल्यावर हिनं पिशवीतून थालीपिठं काढली. मागचे दोन टॉमी वासानं वळले. हिनं त्यांनाही अर्धं-अर्धं दिलं. खाताना त्यांच्या चेहऱ्यावरचं खोल दुःख गेलं.

आमचं बाळ बाबागाडीत टोपडं घालून झोपलं होतं. एका चाहतीनं वाकून पाहिलं आणि ही टोपी कुठं मिळते, असं विचारलं. हिनं अभिमानानं सांगितलं, "आजीनं शिवलीय."

सहावा हंगाम मात्र हिनं न बोलता पाहिला. आत्येचं काम करणारी हेलन मॅक्रोरी १६ एप्रिल २०२१ ला गेली, अवघ्या बावन्नाव्या वर्षी. तिच्या जागी दुसरी बाई उभी करणं काही अवघड नव्हतं, आपल्याकडे तर 'आजपासून ही भूमिका' अशी पट्टी येते. त्यांनी तसं केलं नाही, गोष्टीतच पॉलीला निरोप दिला. घोड्यानं ओढायच्या घरगाडीत तिला ठेवून अग्नी दिला. ही पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता या घरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहणार नाही." नंतरच्या पाच भागांत नेमकं तेच झालं.

निघायच्या आदल्या दिवशी मी एकटाच स्टीलहाउस लेनवरच्या जुन्या कोठडीत गेलो. तिथं आता पोलिसांचं संग्रहालय आहे. खरे पीकी ब्लाइंडर्स १८९० च्या दशकातले. १९१९ उजाडेपर्यंत त्यांचं नावही मागं पडलं होतं. टोपीच्या कडेत ब्लेड शिवलेलं असायचं, ही चाहत्यांची लाडकी गोष्टही इतिहासकार कार्ल चिन यांनी खोडून काढलीय. कारण तेव्हा तसली ब्लेडं ही चैनीची वस्तू होती. चिन यांचे पणजोबा स्वतःच त्या टोळीतले, म्हणजे घरचाच साक्षीदार. मार्च १८९० मध्ये या टोळीनं एका माणसाला जबर मारलं. तो बिचारा गुत्त्यात जाऊन आल्याचं सरबत मागून बसला होता.

त्यांचे पोलिसांनी काढलेले फोटोही आहेत. एकाचं नाव हॅरी फाउलर, वय १९. डोक्याला टोपी, डोळ्यांत तोच करारीपणा. मी चष्मा सावरून त्याचा गुन्हा वाचला. १९०४ साली त्याला पकडलं होतं ते सायकल चोरल्याबद्दल.

माझी बीएसए १९८६ साली पुण्यात, कलेक्टर कचेरीच्या आवारातून गेली. तक्रार नोंदवायला गेलो तेव्हा समोरचा माणूस चहा पीत म्हणाला होता, सायकलच ना? इथं शंभर-सव्वाशे वर्षांमागच्या सायकलचोराचा फोटो काचेमागं जपून ठेवलाय, आणि लोक तिकीट काढून बघायला येतात.

हिरव्या रंगाची, मागं लोखंडी कॅरिअर, घंटी मोडकी, सीटखाली पिवळ्या ऑइलपेंटनं माझी आद्याक्षरं. कुणाच्या पाहण्यात आल्यास अजूनही कळवावं.