सहलीचे दिवस आणि म्हशीची धार

थीम पार्क म्हणजे एखाद्या कथेभोवती किंवा कल्पनेभोवती पाळणे, घसरगुंड्या, देखावे आणि खाद्यगृहे रचून, प्रवेशद्वारावर एकदाच तिकीट घेऊन चालवलेले करमणुकीचे उद्यान. अशा उद्यानासाठी किती दिवस काढावेत, हा प्रश्न जगभर विचारला जात असला आणि त्याचे उत्तर उद्यानाच्या आकारावर अवलंबून असते असे सर्वत्र मानले जात असले, तरी हे मत नरडाण्यात टिकत नाही. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर आणि सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसलेले असल्यामुळे येथून कोठेही जाता येते; मात्र येथून केव्हा निघता येते आणि कितव्या दिवशी परतावे लागते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

या विषयाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात उघडलेले डिस्नेलँड हे एकच उद्यान होते. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झाले आणि वाढत वाढत चार स्वतंत्र उद्यानांचे झाले. तेथे जितके दिवस अधिक तितके दर दिवसाचे तिकीट स्वस्त अशी दरांची रचना असल्यामुळे पाहुणा पैसे वाचवण्याच्या इराद्याने मुक्काम वाढवतो आणि एकंदरीत अधिक खर्च करून समाधानाने परततो. महाराष्ट्रात हा प्रकार १९८९ साली गोराईच्या एस्सेलवर्ल्डने रुजवला आणि २०१३ साली खोपोली–पाली रस्त्यावर सुरू झालेल्या इमॅजिकाने त्याला आजचे रूप दिले. त्यामुळे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर अमेरिकेतील पुतण्याचे ‘कमीत कमी सात दिवस तरी हवेत’ हे मत येऊन पडते, तेव्हा ते फ्लोरिडापुरते खरे असते आणि खोपोलीपुरते निरुपयोगी असते. परंतु पुतण्या डॉलरमध्ये कमावत असल्यामुळे ते कोणी खोडून काढत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे एक नमुना कुटुंब कल्पिले आहे. त्यात शेती पाहणारे जिभाऊ (खानदेशात वडीलधाऱ्या पुरुषास आदराने असे म्हणतात), त्यांची आई, पत्नी, बारावीत अर्थशास्त्र घेतलेली मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि एक दुभती म्हैस यांचा समावेश होतो. सहलीचा विषय निघताच आजींनी विचारलेला पहिला प्रश्न, “तठे जाईसन करनं काय शे?” (तिथे जाऊन करायचे काय आहे?), हा तत्त्वज्ञानाचा असल्यामुळे बाजूला ठेवला जातो आणि दुसरा, “कितला दिन?”, चर्चेस घेतला जातो.

पहिली मर्यादा अंतराची. नरडाण्याहून धुळे, मालेगाव, नाशिक आणि कसारा घाट या मार्गाने खोपोली साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर असून, भाड्याच्या क्रूझरने टोलनाके, चहा आणि मुलांच्या ओकाऱ्या धरता जाण्याचा दिवस प्रवासातच संपतो. गावाला रेल्वे आहे, पण ती सुरतेकडे जाते. धुळे–नरडाणा मार्गाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले आणि मनमाड–इंदूर मार्गाला २०२४ साली केंद्राची मंजुरी मिळाली, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाला त्याच्या मुलांना रेल्वेने नेता येईल अशी आशा बाळगता येते. तूर्त क्रूझरला पर्याय नाही.

दुसरी मर्यादा पंचांगाची. दिवाळीच्या सुट्टीत कापसाची वेचणी चालू असते. पावसाळ्यातल्या आडवारी उद्यानात गर्दी कमी असते हे खरे, पण श्रावणात कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर बसणारी ही खानदेशची देवता असून तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे असतात, त्यामुळे रोट शिल्लक असताना कुटुंब हलू शकत नाही. वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया; त्या वेळी सासुरवाशिणी माहेरी येऊन कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यांवर बसतात, आणि ही करमणूक विनातिकीट असल्यामुळे आजींच्या मते तिच्यापुढे खोपोलीची गरजच उरत नाही. राहता राहिले आखाजीपासून मृगाच्या पेरणीपर्यंतचे दिवस. त्यातून लग्नाच्या तिथी वजा केल्या की जे उरते त्यालाच नरडाण्यात उन्हाळ्याची सुट्टी म्हणतात.

तिसरी मर्यादा दशमीची. दशमी म्हणजे पिठात पाण्याऐवजी दूध घालून केलेली प्रवासाची भाकरी किंवा पोळी. ती शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दोन दिवस उत्तम लागते, तिसऱ्या दिवशी चालून जाते आणि चौथ्या दिवशी तिच्याविषयी घरात दोन तट पडतात. निघण्याच्या आदल्या रात्री चुलीपुढे दशम्यांची चळत रचली जाते, प्रत्येक दशमी निवू देऊन मगच फडक्यात बांधली जाते, कारण गरम बांधलेली दशमी वाफेने ओली होऊन नाशिकच्या आतच बुरसण्याची तयारी करते. बहुतेक उद्याने बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, हा नियम जिभाऊंच्या पत्नीला सांगितला असता त्यांनी दशम्यांची संख्या कमी केली नाही, फक्त गाडीत बसून खाण्याची वेळ ठरवली.

चौथा मुद्दा रांगेचा, आणि येथे शास्त्राची मदत होते. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, रांगेतील माणसांच्या संख्येला दर मिनिटाला पुढे सरकणाऱ्या माणसांच्या संख्येने भागले की थांबण्याचा सरासरी वेळ मिळतो. म्हणजे पुढे चारशे माणसे असतील आणि मिनिटाला दहा आत जात असतील, तर चाळीस मिनिटे उभे राहून दोन-तीन मिनिटांची आरोळी ठोकता येते. या हिशेबाने शहरी पर्यटक दुसऱ्या दिवसाची मागणी करतो. कापूस खरेदी केंद्राबाहेर भरल्या ट्रॅक्टरवर रात्र काढलेल्या जिभाऊंना मात्र चाळीस मिनिटांची रांग ही रांग वाटत नाही; आपला नंबर नक्की लागणार आणि माल परत पाठवला जाणार नाही, एवढ्याने त्यांचे समाधान होते.

पाचवा मुद्दा मुलीने मांडला. घटत्या सीमान्त उपयोगितेच्या सिद्धान्तानुसार एखाद्या वस्तूचे एकामागून एक नग उपभोगत गेल्यास प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारे समाधान कमी होत जाते, म्हणून उद्यानाचा दुसरा दिवस पहिल्याइतका आनंद देणार नाही, असे तिने सांगितले आणि बोर्डाच्या परीक्षेबाहेर हा सिद्धान्त प्रथमच उपयोगी पडला. तिच्या भावाची अडचण वेगळी होती. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते आणि प्रत्येक पाळण्यापाशी रंगवलेल्या पट्टीखाली मुलाला उभे केले जाते; त्या कसोटीसाठी जाड तळव्यांचे बूट आणि डोक्यावर फुगवून बसवलेला भांग ही तयारी त्याने आधीच सुरू केली होती, परंतु कर्मचारी केसांवर तळहात दाबूनच पाहतात असे वर्गमित्राकडून कळल्यावर दोन दिवसांचा आग्रह त्यानेही सोडला. उंचीने अडलेला मुलगा, कंबरेने अडलेले जिभाऊ, इच्छेनेच अडलेल्या आजी आणि या तिघांच्या चपला-पिशव्या सांभाळणाऱ्या जिभाऊंच्या पत्नी एवढे वगळले, तर प्रत्यक्ष पाळण्यात बसणारी व्यक्ती एकच उरते आणि तिला एक दिवस पुरतो.

एवढ्यावर प्रश्न सुटायला हवा होता. परंतु खानदेशात एवढा लांबचा प्रवास निव्वळ मौजेसाठी करणे हे उधळपट्टीचे लक्षण मानले जात असल्यामुळे त्यास देवदर्शनाची जोड द्यावी लागते. शिर्डी हा त्यातील सोपा तोडगा होता, कारण तेथे साईतीर्थ हे भक्तिविषयक थीम पार्क आणि एक वॉटर पार्क अशा दोन्ही सोयी आहेत. पण मुलाची शाळा त्याला तेथे नेऊन आली होती. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि त्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर आहे, हे नकाशावरून लक्षात येताच आजींचा विरोध मावळला, आणि परतीच्या वाटेवर वणीचा गड घेतल्यास आपणही येऊ, असे त्यांनी जाहीर केले.

निर्णायक मर्यादा मात्र शेवटी कळली आणि ती गोठ्यातून आली. म्हैस ओळखीच्या हातालाच पान्हा सोडते, त्यामुळे तिची धार काढण्याचे काम ज्या शेजारी आबांवर सोपवायचे, त्यांनाच विचारणे भाग होते. आबांनी दिवसांत बोलण्यास नकार दिला. त्यांच्या मते दिवस हे शहरी माप असून त्यात सकाळ-संध्याकाळचा हिशेब बुडतो. खरे माप धार. बरीच घासाघीस होऊन सहा धारा मंजूर झाल्या. त्यानुसार सोमवारी सकाळची धार काढून निघायचे, मंगळवारी उद्यान, बुधवारी महड आणि पाली करून नाशिकला जिभाऊंच्या मावसभावाकडे मुक्काम, गुरुवारी वणीचा गड आणि संध्याकाळच्या धारेला घरी, असा कार्यक्रम आपोआप तयार झाला. उद्यानाच्या वाट्याला एक दिवस आला, तो उद्यानाचा आकार पाहून आलेला नाही.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला. उद्यानात बाकावरून न उठलेल्या आजी वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ साली सुरू झालेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीत, म्हणजे दोरखंडाने रुळांवरून चढवल्या जाणाऱ्या डब्यात, सर्वांत पुढे बसल्या आणि तेथे उंचीची अट नसल्याचे पाहून मुलानेही त्या ट्रॉलीला सहलीतील सर्वोत्तम पाळणा ठरवले.

गुरुवारी संध्याकाळी जिभाऊ गोठ्यात शिरले तेव्हा आबांनी रिकामी बादली त्यांच्या हाती दिली, सहा धारा पूर्ण झाल्याचे सांगितले आणि परतफेडीचा विषय काढला. मुक्ताईनगर तालुक्यातील कोथळीहून निघणारी आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी सुमारे महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरास पोहोचते, तिच्याबरोबर यंदा पायी जायचे त्यांनी ठरवले होते. त्यांच्याकडे दोन म्हशी आहेत. महिन्याच्या तीस दिवसांत दोन वेळा, दोन म्हशी, या हिशेबाने सहा धारांच्या बदल्यात एकशेवीस धारा होतात. त्यात परतीचे दिवस धरलेले नाहीत. वारीला नाही म्हणता येत नाही, हे आबांना ठाऊक होते.