अचानक निघू, साधारण बाराला

पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाला रात्री मनात आलं म्हणून गाड्या काढून भटकायचं असेल, तर हाताशी दीडेक तास मोकळा हवा. भटकायला नव्हे, निघायला.

28 ऑक्टोबर 2023ची कोजागरी. त्या रात्री नेमकं खंडग्रास चंद्रग्रहण होतं. त्यामुळे कोथरूडला आमच्या गच्चीवर मसाला दुधाचं पातेलं होतं आणि ते प्यावं की नाही यावर परिसंवादही होता. वेध दुपारीच लागलेले. अखेर काकूने निवाडा दिला, की वेधात लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी यांना सूट असते. त्याबरोबर गच्चीवरच्यांची प्रकृती झपाट्याने ढासळली. मला रक्तदाब होताच. बुलेटवाल्या मित्राने ॲसिडिटी पुढे केली, त्याच्या बायकोने थायरॉइड. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या लेकीने स्वतःला लहान मुलांत घालून घेतलं. माझी आई आणि काका-काकू वयावरच पास झाले.

"मात्र 1 वाजून 5 मिनिटांनी स्पर्श आहे," काकूने बजावलं. "त्याच्या आत भांडं रिकामं झालं पाहिजे. ग्रहणातलं दूध मी ठेवणार नाही."

एवढ्यात काकांनी चंद्राकडे पाहून नापसंती दर्शवली. तो शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीआड चालला होता. "चला, गाड्या काढा," ते म्हणाले. "चांदणी चौकात जाऊन चांदणं बघू. तिथेच दूध पिऊ." घड्याळात साडेदहा वाजले होते. सगळे एका आवाजात "चला!" म्हणाले आणि सगळे बसून राहिले.

चांदणी चौक हा काकांच्या जिव्हाळ्याचा विषय. तिथला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022च्या मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून पाडला, तेव्हा काका स्वेटर घालून बघायला गेले होते. स्फोट झाला, धूळ उडाली, आणि धूळ खाली बसल्यावर पुलाचा बराचसा सांगाडा जागच्या जागी उभा. उरलेलं काम यंत्रांनी करावं लागलं. "जुनी कामं!" असं म्हणत काका पहाटे असे घरी आले, की जणू पूल त्यांनीच बांधला होता. पुढे 12 ऑगस्ट 2023ला नितीन गडकरींच्या हस्ते नव्या उड्डाणपुलाचं उद्घाटन झालं. त्याची पाहणी मात्र काकांच्या हातून राहून गेली होती.

"दूध इथेच पिऊन निघू या की," मित्राने सुचवलं.

"जायफळ घातलंय मी, जरा सढळ हाताने," आई म्हणाली. "गाडीवर डुलक्या येतील."

"मग तिथे पिऊन परत कसं यायचं?" असं माझ्या बायकोने विचारलं, आणि या सभेत विचारल्या गेलेल्या एकमेव मुद्देसूद प्रश्नाला कुणीही उत्तर दिलं नाही.

यानंतर आसनव्यवस्था. 2018 साली पुण्यातल्या वाहनांची संख्या 36 लाखांवर गेली आणि माणसं 35 लाखांच्या आसपासच राहिली, अशी बातमी आली होती. म्हणजे हिशेबाने प्रत्येकाला एक गाडी पुरून थोड्या उरायला हव्यात. पण गाडी असणं वेगळं आणि तिच्यावर कुणी कुणाच्या मागे बसायचं हे ठरणं वेगळं. आईला बुलेट उंच पडते. काकूला दोन्हीकडे पाय टाकून बसायचं नसतं. माझ्या पल्सरच्या मागच्या सीटवर बसलं की आपण घसरत चालकाच्या डोक्यात जातो, ही बायकोची जुनी तक्रार. शेवटी काकू काकांच्या चेतकवर, कारण तिथे पाठीला स्टेपनी मिळते. आणि आई नातीच्या मागे, तीही चेतकच, पण विजेवरची.

या दोन चेतक आमच्या पार्किंगमध्ये शेजारी शेजारी उभ्या असतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. काकांनी आपल्या गाडीसाठी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न ठरायचं होतं, आणि गाडी दारात आली तेव्हा मुलगा शाळेत जात होता. परमिटच्या त्या काळात हे काही नवल नव्हतं. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलेली ही स्कूटर बजाजने 1972 साली बाजारात आणली. विजेवरची 2020मध्ये आली. लेकीच्या गाडीला रिव्हर्स आहे हे कळलं तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चेतक? आणि मागे?"

पार्किंगमध्ये उतरल्यावर हेल्मेटचा विषय निघाला. तो निघणारच होता. 1 जानेवारी 2019पासून पोलिसांनी सक्ती केली, तेव्हा पुण्यात जो मोर्चा निघाला त्यात काका होते. तेव्हापासून त्यांची भूमिका स्पष्ट आहे: हायवेला हेल्मेट, गावात नाही. आता चांदणी चौक गावात येतो की हायवेवर? कोथरूडच्या बाजूने गेलं तर गाव, पण खालून जातो तो बायपास. काकांनी तोडगा काढला, की चढापर्यंत हेल्मेट काकूच्या हातात राहील. काकूच्या हातात आधीच दुधाचा कडीचा डबा होता. तो काकांच्या पायात ठेवावा, तर ब्रेकला पाय पोचेना. शेवटी काकूने स्वतःचं हेल्मेट डोक्यात घातलं, काकांचंही त्यांच्या डोक्यात घातलं आणि बंद आवळला. मोर्चाला सामोरं जाणाऱ्या पोलिसांना हे तंत्र ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

मुलीने रात्री बारा वाजता तोंडाला स्कार्फ बांधला. ऊन नव्हतं, पण काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काकांनी पेट्रोलचा कॉक फिरवला, चेतक तिरकी करून कान लावला, सरळ केली, चोक ओढला आणि किक मारली. मग पुन्हा किक. मग एक स्वगत. मग एक किक अशी बसली की निळसर धुराचा लोट उठला, वरच्या एका खिडकीत दिवा लागला आणि वॉचमन खुर्चीसकट मागे सरकला. बुलेटने त्यात आपला खर्ज मिसळला. लेकीची गाडी केव्हाच निघाली होती, फक्त ते कुणाला कळलं नव्हतं. आईलाही. वनाझपर्यंत ती नातीला विचारत होती, "चालू झालीय ना गं?"

पौड रस्ता मोकळा होता. दिवसा या रस्त्यावर आपण पुढच्याच्या सायलेन्सरकडे बघत पाय टेकत सरकतो. त्या रात्री पहिल्यांदा कळलं, की वनाझपुढे रस्त्याला असा छान चढ आहे आणि भुसारी कॉलनीपाशी वारा लागतो. डोक्यावरचा मेट्रोचा पूल संपला तसा चंद्र अख्खा दिसला. बायकोने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी सुखावलो. "डावीकडे घे, खड्डा आहे," ती म्हणाली.

आणि चांदणी चौक आला.

पुणेकर पाटी वाचणारा माणूस आहे. पण त्याला पाटीवर पूर्ण वाक्य लागतं; कर्ता, कर्म, शक्य तर एखादा अपमान. इथे नुसते बाण. सातारा, मुंबई, मुळशी, बावधन, पाषाण, वारजे: इतकी गावं, इतके बाण, आणि विचार करायला चार सेकंद. काका सवयीने पाटी संपूर्ण वाचू लागले आणि वाचता वाचता मुळशीच्या रस्त्याला लागले. मित्र चढावर वेग न तोडण्याच्या तत्त्वाला जागला आणि मुंबईच्या दिशेने गेला. लेकीच्या फोनमधली बाई शांतपणे 'उजवीकडे राहा' म्हणाली, आणि ती व आई वारज्याकडे उतरल्या. मी विचारपूर्वक, सगळे बाण पारखून गेलो आणि भुसारी कॉलनीत परत आलो.

मग फोनाफोनी. मित्र सूसच्या पुलापाशी होता आणि "वळायला जागाच नाही रे" असं खुशीत सांगत होता. लेक वारज्यात एका बंद टपरीसमोर, बॅटरी 22 टक्के. आईने फोन हिसकावून कळवलं, की गाडी फार छान आहे, आता चालू असल्याचं कळतं. काका फोन उचलत नव्हते. दूध त्यांच्याकडे होतं. 1 वाजून 5 मिनिटांनी चंद्राच्या कडेला काळसर डाग लागला, तेव्हा आमची वरात शहराच्या तीन टोकांना उभी राहून आपापल्या जागेवरून उपाशीपोटी ग्रहण पाहत होती.

आम्ही उरलेले कसेबसे पार्किंगमध्ये जमलो. अडीचच्या सुमाराला तो ओळखीचा धूर फाटकातून आत आला. काका-काकू ताजेतवाने दिसत होते. मुळशीच्या रस्त्याने ते भूगावला पोचले, मानस सरोवराच्या काठी गाडी लावली. पाण्यात चंद्र उतरलेला. पाऊण वाजला तरी कुणी येईना. स्पर्श जवळ आलेला.

"मग काय करणार?" काकूने रिकामा डबा आईच्या हातात दिला. "टाकून द्यायचं का एवढं दूध?"

"आठ जणांचं?" मी विचारलं.

"आणि नंतर यांना जे जायफळ चढलं! कठड्याला टेकून मोक्ष होईपर्यंत घोरत होते."

"ग्रहणात झोपू नये म्हणतात," मित्र पुटपुटला.

काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते चेतक तिरकी करून टाकीत कान लावत होते. "सिंहगडापर्यंत पुरेल," ते म्हणाले.

"आजोबा, रात्री गडावर सोडत नाहीत," लेक म्हणाली.

"रात्री कोण जातंय? ग्रहण सुटलंय, सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्यात. निघेपर्यंत पाच वाजतीलच."