सत्कारमूर्तीला सव्वापाचची एसटी आहे

पुसदात मार्च लागला की दोन वस्तूंचा उठाव वाढतो: उसाचा रस आणि शाल. रसाचं कोणालाही कळेल. पण दुपारी पंख्याखालीही घाम निथळत असताना शाल कोण विकत घेतं, असं बाहेरगावचा माणूस विचारील. त्याला सांगावं, की बाबा, आठ मार्च आला. कर्तृत्ववान महिलांना पांघरूण घालायचं आहे.

गेली एकोणीस वर्षं मी या ना त्या सत्कार समितीवर आहे. अध्यक्ष कधीच झालो नाही. सहसचिव, समन्वयक, एकदा ‘मार्गदर्शक’, आणि दरवर्षी न चुकता मानपत्र लेखक. एवढ्या तपश्चर्येनंतर नवोदित आयोजकांना चार शास्त्रोक्त नियम सांगण्याचा अधिकार मला पोहोचतो, असं मी धरून चालतो.

नियम पहिला, क्रमाचा. आधी पुरस्काराचं नाव ठरवावं, मग प्रमुख पाहुणे, मग मंगल कार्यालय, मग फ्लेक्स, मग पोह्यांचा आचारी. बाई सगळ्यात शेवटी शोधावी. बाया गावात असतातच. नावासाठी रणरागिणी, तेजस्विनी, हिरकणी, जिजाऊ, सावित्रीची लेक असा साठा तयार आहे. ‘आदर्श’ हा शब्द शिक्षकांनी आधीच वापरून झिजवला आहे, तो टाळावा.

फ्लेक्सबाबत थोडं गणित लागतं. एका वर्षी आमच्या महिला सन्मान सोहळ्याच्या फ्लेक्सवर मी चेहरे मोजले. एकंदर बावीस. त्यांतले सतरा पुरुष, दोघे काळ्या चष्म्यातले. पाच सत्कारमूर्ती तळाच्या पट्टीत, आधार कार्डावरच्या फोटोंसह, म्हणजे ज्यांत माणूस स्वतःलाही ओळखत नाही अशा. फ्लेक्स बांधला तेव्हा ती पट्टी पानटपरीच्या छपरामागे गेली. राहिले सतरा पुरुष आणि वर मोठ्या अक्षरांत ‘नारीशक्तीला सलाम’.

दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखे बंद करावेत.

आता प्रमुख पाहुणे. पुसदात भाषण करायचं तर दोन्ही नाईकांचं नाव घ्यावंच लागतं, आणि घ्यावंच. या तालुक्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, तेव्हा आम्ही थोडं बोललो तर कोणी वाईट वाटून घेऊ नये. फक्त तारखा सांभाळाव्यात. एका पाहुण्यांनी महिला आर्थिक विकास महामंडळ वसंतरावांनीच स्थापलं, असं ठोकून दिलं. माविमची स्थापना 24 फेब्रुवारी 1975 ची, आणि वसंतराव त्याच महिन्याच्या 20 तारखेला पायउतार झाले. चार दिवसांनी चुकामूक. मी चिठ्ठी पाठवली. पाहुण्यांनी ती वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, “आत्ताच मला वेळ संपल्याची सूचना आली आहे, तरी दोन मिनिटं बोलतो.” श्रेय द्यायचंच तर सुधाकररावांच्या काळाला द्यावं, राज्य महिला आयोग 1993 साली त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाला. आणि वसंतरावांच्या पत्नी वत्सलाबाईंचं नाव घेणारा वक्ता मी एकोणीस वर्षांत दोनदाच ऐकला. नागपूरच्या घाट्यांच्या या मुलीने 1941 साली बंजारा तरुणाशी लग्न केलं, आणि दोन्हीकडच्या जातवाल्यांचा राग अंगावर घेतला. तिच्या नावाचं महिला महाविद्यालय पुसदातच आहे, पाहुण्यांची गाडी कित्येकदा त्यावरून येते.

शालीचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे माझा अभ्यास आहे. सत्काराची शाल थंडीसाठी नसते. ती कापडासारखी दिसते, पण खरं म्हणजे चलनी नोट आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघते, खांद्यावर चाळीस सेकंद राहते, फोटो निघाला की घडी होऊन पुन्हा पिशवीत जाते आणि पुढच्या सत्काराची वाट पाहते. एक राखाडी शाल मी तीन कार्यक्रमांत ओळखली. कोपऱ्यात हळदीचा डाग होता. तिसऱ्या खेपेला ती माझ्याच खांद्यावर आली, ‘सूत्रसंचालनाबद्दल’. घरी नेली तर बायको म्हणाली, “ही तर आपल्या कपाटातली आहे.” नारळाचं मात्र बरं असतं, त्याची दुसऱ्या दिवशी चटणी होते.

मग द्यावं काय? एका आशाताईला मी हे सरळ विचारलं होतं. ती म्हणाली, “छत्री देजा. नाहीतर बॅटरी.” रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर नाल्याच्या वाटेला उजेड लागतो, एवढंच तिचं म्हणणं. समितीच्या बैठकीत मी बॅटरीचा प्रस्ताव मांडला. सन्मानाच्या दृष्टीने ते बरं दिसणार नाही, असं ठरलं.

रोख देणं सर्वात उत्तम, पण पाकीट जाड असावं. सरकारने 2023 साली ठरवलं, की दर ग्रामपंचायतीने अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने दोन महिलांचा सन्मान करावा: शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि रोख 500 रुपये. कल्पनेला मी नावं ठेवणार नाही. दोन बायांची निवड गावातच व्हावी, हे तर मला फारच आवडलं. फक्त अहिल्यादेवींच्या नावाला पाचशेची नोट जोडताना हात जरा आखडलाच. सिंधुताई सपकाळांनी पुरस्कारांच्या पैशातून पोरांच्या निवाऱ्यासाठी जागा घेतली, म्हणतात. आमच्या पाकिटात जागा सोडा, जायचं-यायचं भाडंही कधीकधी निघत नाही. शिवाय सत्काराच्या दिवसाची मजुरी बुडते, ती वेगळीच.

नावं तपासून घ्यावीत. हे मी थट्टेने सांगत नाही. सन्मानचिन्हावर चुकलेलं नाव पुसता येत नाही, ते शोकेसमध्ये जन्मभर चुकीचंच राहतं. बाईलाच विचारावं, की बाई, तुझं नाव तू कसं लिहितेस. सचिवाने ‘सौ.’ की ‘श्रीमती’ यावर अर्धा तास खल करू नये. आणि सत्काराला हळदीकुंकवाची जोड देण्याची हौस तर यवतमाळ जिल्ह्यात कोणी करूच नये. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यामागे राहिलेल्या बायका शेत, पोरं आणि कर्ज एकट्या ओढतात, तिथे पहिल्या रांगेत कुंकू फिरवायचं आणि कर्तृत्वाची धनीण पाचव्या रांगेत अंग चोरून बसलेली पाहायची! मी हे पाहिलं आहे आणि माईक हातात असून गप्प बसलो आहे. कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारने इतर गावांनाही तेच करायला सांगितलं. आमच्या समितीचा ठराव अजून पोह्यांत शेंगदाणे किती, इथे आहे.

तांड्यावरची सरपंच असेल तर तिला ‘पारंपरिक वेशात या’ असा निरोप धाडू नये. एकदा आम्ही तो धाडला. ती साध्या साडीत आली, हातात पाण्याच्या टाकीची फाईल. फेटिया-कांचळी का नाही घातली, विचारलं तर म्हणाली, “आज मले बीडीओ साहेबाले भेटाचं हाय, फोटो काढाचा नाई.”

आता माझा प्रांत: मानपत्र. माझ्याकडे एक साचा आहे. ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करून, कुटुंबाची जबाबदारी समर्थपणे पेलत, आपण निःस्वार्थ भावनेने समाजसेवेचा वसा…’ यात नाव तेवढं बदलायचं. एकोणीस वर्षांत हा मजकूर मी शिक्षिकेला वाचला, बचत गटाच्या अध्यक्षेला वाचला, पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईला वाचला. कोणाला शंका आली नाही, कारण कोणी ऐकत नव्हतं. ऐकलं ते त्या आशाताईने, बॅटरीवालीनेच, तेही आवाजाच्या चाचणीला मी तो वाचत होतो तेव्हा. ‘निःस्वार्थ’ शब्दाला ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, “सर, स्वार्थ हाय न. तीन महिन्याचं मानधन रायलं.” माईक चालू होता म्हणून हळू बोलली. मानधन या शब्दात मान आहे आणि धन आहे, असा कोटीबाज परिच्छेद मी पुढच्या वर्षीच्या मानपत्रासाठी लगेच टिपून घेतला. अशी माझी जात.

खरं मानपत्र कसं लिहावं, ते नंतर तिच्याकडूनच शिकलो. तिला म्हटलं, कालचा दिवस सांग. तिने पिशवीतून कोपरे दुमडलेली वही काढली. किती घरं झाली, कोणाचं बाळ वजनात भरत नाही, कोणत्या गरोदर बाईला सातवा लागला, कोण गोळ्या घेत नाही आणि का घेत नाही, सगळं बोट ठेवून सांगितलं. विशेषण एकही नाही. ती पानं नुसती वाचून दाखवली असती, तर सभागृह शांत झालं असतं. पण मानपत्र तोवर फ्रेममध्ये गेलं होतं, सोनेरी बॉर्डरसह.

मनोगताला आम्ही दोन मिनिटं देतो, तीही आभारप्रदर्शनाच्या आधी, खुर्च्या हलायला लागल्यावर. सत्कारमूर्तीने काय बोलावं हे तिला कोणी सांगत नाही, पण ‘धन्यवाद’ म्हणून उतरावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. बाईला माईक दिला तर काय होतं, ते यवतमाळने पाहिलं आहे. जानेवारी 2019 मध्ये तिथे साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं, ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. मोठा गदारोळ झाला. शेवटी उद्घाटक म्हणून उभी राहिली कळंब तालुक्यातल्या राजूरची वैशाली येडे. शेतकरी नवरा आत्महत्या करून गेलेला, स्वतः अंगणवाडीत मदतनीस, ‘तेरवं’ नाटकात काम करणारी. अडीअडचणीला दिल्लीची नाही, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचं ती बोलली आणि मांडवाने टाळ्यांनी उचलून धरलं. तिला बोलावलं ते आयोजकांची अडचण झाली म्हणून, हे तिला पुरतं ठाऊक होतं आणि तिने ते लपवलंही नाही. माझ्या एकोणीस वर्षांत असं मनोगत एकही झालं नाही. होऊच दिलं नाही, म्हणणं जास्त बरोबर.

राहता राहिला वेळ. पत्रिकेत चार छापावं, पाहुणे साडेसहाला येतात. मध्ये सत्कारमूर्तींनी पहिल्या रांगेत बसून आवाजाची चाचणी ऐकावी. तसा हा आठ मार्चचा दिवस काही पत्रिका छापून सुरू झाला नव्हता. 1917 साली रशियात त्याच तारखेला बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि आठवडाभरात झारचं सिंहासन गेलं. त्यांना चारचे साडेसहा करायला कोणी पाहुणे नव्हते.

आशाताईचा सत्कार होता त्या वर्षी आमच्या पुरस्काराला हिरकणीचं नाव होतं. आशाताई साडेतीनलाच येऊन बसली होती. पाच वाजता उठली आणि माझ्याजवळ आली. “सर, मी जातो. सव्वापाचची शेवटची हाय, मंग गाडी नाई.” मी म्हटलं, ताई, अर्धा तास थांबा, पाहुणे दारव्ह्याच्या पुढे निघाले आहेत. ती हसली. “पोरगी घरी एकटी हाय न.” आणि पिशवी काखेत मारून बसस्थानकाकडे चालती झाली. मागे पडद्यावर हिरकणीचं चित्र: घरी तान्हं लेकरू, गडाचे दरवाजे बंद, आणि कडा उतरणारी गवळण. सात वाजता पाहुण्यांनी हिरकणीची गोष्ट सविस्तर सांगितली. सत्कारमूर्तींपैकी दोघीच उरल्या होत्या, त्या गावातल्या म्हणून.

सुधारणा सोपी आहे. सत्कार दुपारी बाराला ठेवावा, तो आधी उरकावा, बायांना जेवू घालून भाड्यासकट गाडीत बसवावं आणि मग पाहुण्यांनी हवं तितकं बोलावं. पुढच्या बैठकीत हे मांडणार आहे. बॅटरीचंही पुन्हा मांडतो.

तिचं सन्मानचिन्ह, फ्रेम आणि शाल माझ्याच कपाटात आहे. दोन वर्षं झाली. नेऊन देणारच होतो, पण कधी ऊन, कधी पाऊस, कधी दुसरा सत्कार. माहूर रस्त्याने कोणी जात असाल तर मला सांगा. चिन्हावर नावात एक वेलांटी चुकली आहे, तेवढं तिला समजावून द्या. आणि जाताना दुकानातून एक बॅटरी घ्या, सेल घालून. पैसे मी देतो.