चाक चावते तेव्हा

जुन्या मोटारीला कारखान्याच्या मापापेक्षा मोठी चाके बसवली, की टायर कुठे ना कुठे घासतो. मारुती ८०० चा मूळचा टायर १४५/७० आर १२, उंची सुमारे ५०८ मिलिमीटर. त्या जागी १६५/६५ आर १३ चढवला की उंची ५४५ होते. म्हणजे टायर मडगार्डच्या १८ मिलिमीटरने जवळ जातो, शिवाय दोन्ही कडांना १०-१० मिलिमीटर रुंदावतो. बिलाच्या पाठीवर ही आकडेमोड पाच मिनिटांत होते. प्रस्तुत मालकाने ती केली नाही. त्याने गाडी लांबून न्याहाळली, ‘नाद खुळा’ म्हटले आणि पैसे मोजले.

घासण्याचे मुख्य प्रकार दोन. स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढचा टायर आतल्या प्लास्टिकला लागतो. हा प्रकार दुकानाच्या दारातच कळतो. दुसरा कळायला मागे वजन लागते: स्प्रिंगा दबतात आणि मागचा टायर मडगार्डच्या आत दुमडलेल्या पत्र्याला भिडतो. मालकाकडे हे वजन आत्या, आत्यांची जाऊ आणि जावेची बहीण अशा स्वरूपात उपलब्ध होते. ते घेऊन तो पन्हाळ्याला निघाला.

कोल्हापूर ते पन्हाळा अंतर सुमारे २० किलोमीटर. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलापर्यंत गाडी गप्प होती. पुढच्या पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज आला. “काय रं, नव्या पायताणागत करकरतंय?” आत्यांनी विचारले. मालकाने सिद्धान्त मांडला: कोल्हापुरी चप्पलही नवी असताना चावते, तेल लावून चार दिवस वापरली की पायाला येते, तसाच टायरही येईल.

सिद्धान्त चूक आहे. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या चपलेत चामडे सैल पडते. इथे पत्रा सैल पडत नाही, टायरच कापला जातो. बाजूची भिंत कापली गेली तर तो चालत्या गाडीत फुटू शकतो. केर्ली मागे पडेपर्यंत जळक्या रबराचा वास आला. कुणाच्या तरी घरी दूध उतू गेल्याचे निदान जावेने केले. वाघबीळनंतरच्या वळणांवर पुढचे टायरही बोलू लागले, आणि शेवटचा चढ तिन्ही बायका पायी चढल्या. मागचा आवाज तत्काळ थांबला. रोगनिदानाची ही पद्धत अचूक असली तरी घरात तिची किंमत फार दिवस मोजावी लागते.

पन्हाळ्यावर तीन दरवाजा, सज्जा कोठी आणि अंबरखाना पाहण्यासारखे आहेत. मालकाने उजवे मागचे चाक पाहिले.

उपाय परतल्यावर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात झाला. मिस्त्रीने आधी मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासला, मागे चौघांना बसवून एक फेरी मारली आणि खडू कुठे पुसला ते पाहिले. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावला. उजवीकडे दीड सेंटिमीटर कमी भरले. “मालक, ही गाडी लई वर्सं एकट्या मानसानं चालवलीया,” तो म्हणाला. ते खरे होते. बावीस वर्षे वडीलच चालवत, बहुतेक वेळा एकटेच. दबलेल्या स्प्रिंगा बदलायला मालकाने चार दिवस लावले, आणि जुन्या भंगारात दिल्या नाहीत.

स्प्रिंगा बदलल्यावर मागचे बरेचसे घासणे गेले. उरल्यासुरल्यासाठी आतली दुमड गरम करून वर दाबतात. थंड पत्रा वाकवला तर रंग तडकतो. दुमड दाबण्यासाठी टायर आणि पत्रा यांच्यामध्ये लाकडी दांडा धरून गाडी सावकाश मागेपुढे ढकलतात. दांडा कुदळीचा चालतो. उसाचा चालत नाही, रस निघतो. पुढचे प्लास्टिक गरम करून आत दाबले आणि एका कोपऱ्यात कापले.

चाक आणि हबच्या मध्ये स्पेसर घालण्याचा सल्ला फुकट मिळतो. त्याने चाक बाहेर सरकते, म्हणजे आतले घासणे थांबून बाहेरचे वाढते, आणि चाकाच्या बोल्टांना पकड कमी मिळते. मिस्त्रीने तो ऐकूनच घेतला नाही. त्याऐवजी टायर १५५/६५ आर १३ घातले, उंची ५३२. मूळ मापापेक्षा हेही सुमारे पावणेपाच टक्के जास्त असल्याने मीटरवर ६० दिसते तेव्हा गाडी जवळजवळ ६३ ने धावत असते.

शेवटी अलाइनमेंट करून घ्यावी आणि १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळावेत. मीटर कमी दाखवत असल्याने साधारण ९५ वरच ते अंतर भरते. कोल्हापूर-पन्हाळा अशा अडीच फेऱ्या त्यासाठी पुरतात. अडीचावी पन्हाळ्यावर संपते आणि तिथे झुणका-भाकरी मिळते. आत्या एसटीने येतात.