सहकुटुंब वाकळ: इच्छुक कुटुंबांसाठी सूचना

घरातली माणसं एकत्र बसत नाहीत ही तक्रार आता उंब्रजलाही पोचली आहे. त्यावर कुणी महाबळेश्वरची सहल काढतं, कुणी हुरड्याचा बेत करतं. दोन्हींत खर्च होतो आणि माणसं संध्याकाळपर्यंत पुन्हा आपापल्या मोबाइलमध्ये परततात. कमी खर्चात, महिना-दीड महिना पुरेल आणि भांडणाला सतत नवा विषय देईल असा एकच घरगुती छंद आमच्या कृष्णाकाठी शिल्लक आहे, तो म्हणजे वाकळ शिवणे. (पुणेकरांनी सोयीसाठी गोधडी वाचावे.) खालील सूचना अनुभवी घरांच्या निरीक्षणावरून तयार केल्या असून त्या पाळल्यास वाकळ नक्की होते. कुटुंब टिकेल की नाही, हे ज्याच्या त्याच्या वकुबावर.

पात्रता अशी. घरात किमान चार हात आणि एक म्हातारी हवी. म्हातारी स्वतःची नसल्यास चुलत चालेल. भाड्याची चालणार नाही, कारण ती मजुरी घेऊन गुपचूप शिवून देईल आणि छंदाचा हेतूच बुडेल. शिवाय एक लोखंडी ट्रंक हवी, जिची किल्ली कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही.

मुहूर्त महत्त्वाचा. पावसाळ्यात वाकळ शिवायला घेऊ नये, कापड दमट राहतं आणि माणसंही. दिवाळीत फराळ असतो. पौषात पालच्या खंडोबाची यात्रा. तेव्हा घरात इतके पाहुणे उतरतात की असलेल्या वाकळाच पुरत नाहीत, नवी शिवायला जमीन कुठून मोकळी सापडणार? सोयीचा काळ पाडव्यापासून मृगापर्यंत. गहू-हरभरा घरात आलेला असतो, ऊस सह्याद्री कारखान्याला जाऊन टोळ्या आपल्या गावी परतलेल्या असतात, आणि दुपारी बाहेर पडण्याची कुणाची हिंमत नसते. माणसं उन्हाने घरात कोंडली गेली की निम्मं काम झालं म्हणून समजा.

जागा म्हणून सोपा उत्तम. सोपा पाडून स्लॅब टाकलेला असल्यास हॉलमधला सोफा बाहेर काढावा. तो सहसा निघत नाही, कारण दार बसवायच्या आधी तो आत आलेला असतो. महामार्गाच्या कडेच्या घरांना एक जादा सूचना: पुणे-बेंगळुरू रस्त्यावरचा हॉर्न वाजला की सुई बोटात जाते, तेव्हा मागच्या खोलीत बसावे.

आता कापड. इथे घाई करू नये, कारण खरी वाकळ इथेच शिवली जाते. पुढचं नुसतं दोऱ्याचं काम.

कापड सुती हवं, जुनं हवं आणि पुष्कळदा धुतलेलं हवं. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले आणि दोन-दोन शेजारी जोडले की अंथरायच्या मापाचे दोन थर निघतात. सहा थरांच्या भरदार वाकळेला तीन लुगडी लागली. हिशेब सोपा आहे. अवघड आहे ते लुगडी ट्रंकेबाहेर काढणं. आजी झाकण उघडते, वरचं लुगडं उचलते, नाकाला लावते आणि "हे न्हाय" म्हणून खाली ठेवते. दुसरं काढते. ते इरकली असतं, थोरल्याच्या बारशाला नेसलेलं. तेही न्हाय. तिसऱ्याला काठ चांगला आहे, चौथ्याला पदर चांगला आहे, पाचवं फाटलंय पण ते तिच्या आईचं. तासाभराने बाहेर एकच वस्तू पडते: आजोबांचं धोतर, आणि तेही आजोबा समोर बसलेले असताना.

या टप्प्यावर सुनेने काहीही बोलू नये. मुलानेही "आगं, नुसती पडून तर हायती" हे वाक्य टाळावे. ते लुगड्यांबद्दल आहे असं आजी धरत नाही. गप्प बसावं, चहा ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर तीन लुगडी घडी करून ठेवलेली आढळतात. ती कुणी काढली, कधी काढली याची चौकशी नको.

घरातून गेलेल्या माणसाचं एखादं कापड असेल तर ते मधल्या थरात जातं. वर लावलं तर रोज दिसतं, टाकून द्यावं तर हात धजत नाही. आमच्याकडे याला कुणी विधी म्हणत नाही. आजी ते पसरते, सुरकुती काढते आणि त्यावर लगेच दुसरा थर ओढते. यावर सूचना नाही.

बाकी कापडांचा निकाल असा लावावा. नायलॉनच्या आणि जॉर्जेटच्या साड्या बाद. त्या सुळसुळतात, थर जागचे सरकतात, घाम पीत नाहीत. भाऊबीजेला आलेल्या साड्यांचा ढीग संपवायची ही संधी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तो ढीग पुढच्या लग्नसराईत आहेर म्हणून फिरता ठेवावा, तशी रीतच आहे. जीन्स बाद, दाभणही वाकतं. टेरिकॉटची पँट मात्र घ्यावी, कारण ती कशानेच संपत नाही. वाकळ विरून गेल्यावरही ती मागे उरेल. प्रचाराचे टी-शर्ट ताणतात, पण वरच्या ठिगळांसाठी चालतात. घरातले दोन भाऊ दोन पक्षांत असतील, आणि आमच्या जिल्ह्यात ते असतातच, तर दोघांच्या नेत्यांचे चेहरे एकाच वाकळेत समोरासमोर घेऊ नयेत. एकाला पायथ्याशी लावावं लागतं, आणि तो कुणाचा, हे ठरेपर्यंत मृग लागतो.

कापड जमलं की अंथरणी. तळाचं सर्वांत मोठं आणि धड कापड खाली, त्यावर एकेक थर, प्रत्येक थर हाताने काठाकडे साफ करत न्यावा. कोपऱ्यांवर वजन म्हणून वरवंटा, पितळेचा डबा, पाण्याची कळशी आणि घरातलं सर्वांत निवांत माणूस ठेवावं. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून घ्यावेत. कच्च्या टाक्यांशिवाय थेट धावदोऱ्याला बसणारे उत्साही लोक शेवटी मध्यभागी एक उंचवटा तयार करतात, ज्यावर पुढची वीस वर्षं कुणालाच झोपता येत नाही.

धावदोरा कडेने सुरू करून चौकटीत फिरत आत न्यावा. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद वाकळेला दीड सेंटिमीटरच्या अंतराने दोरा फिरवला तर एकूण शिवण दोनशे मीटर होते. टाका आणि पुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरलं, तर टाके वीस हजार. चौघांच्या कुटुंबात माणशी पाच हजार. हा आकडा कामाला सुरुवात करण्यापूर्वी कुणालाही सांगू नये.

कारण वाटप पाच-पाच हजारांचं कधीच होत नाही. कर्त्या पुरुषाला सुई दिली की त्याला तारळीकाठच्या मोटारीला वीज आली का ते बघायला जायचं असतं. घरातले आण्णा शिवत नाहीत, पाहतात. खुर्ची घेऊन वाकळेच्या डोक्याशी बसतात आणि ओळ वाकडी जातेय एवढं दर दहा मिनिटांनी कळवतात. त्यांना कामातून वगळू नये. त्यांच्याकडे दोऱ्याला मेण लावण्याचं खातं द्यावं. मेण लावलेला दोरा गुंतत नाही आणि मेण लावणारा माणूस बोलत नाही. मुलांची नजर चांगली असते म्हणून सुईत दोरा ओवण्याचं काम त्यांचं. पाचवीतलं पोरगं एका दमात दहा सुया ओवून भिंतीला लावलेल्या कापडात टोचून ठेवतं आणि "आता मोबाइल द्या" म्हणतं. द्यावा. दहा सुयांना तेवढी किंमत रास्त आहे.

सासू आणि सून यांनी समोरासमोरच्या कडांना बसावं असं शास्त्र आहे. शेजारी बसल्यास टाक्यांची तुलना होते. समोरासमोर बसल्यास तुलना होतेच, पण हळू आवाजात. सुनेचा टाका लांब पडला तर सासू काही म्हणत नाही, फक्त म्हणते, "आसूदे, वापरून बसंल." सुनेला बोलायचंच असेल तर तिने शेजारणीच्या वाकळेबद्दल बोलावं. दोघींचं एकमत होण्याची ही एकमेव जागा आहे आणि ती प्रत्येक घराला शेजारीच उपलब्ध असते. चौकटी आत सरकत जातात तशा दोघी जवळ येत जातात. गुडघे एकमेकींना लागायला लागले की वाकळ संपत आली असं समजावं.

मधेच सुट्टीला पुण्याहून पुतण्या येईल आणि ही कला आहे असं जाहीर करेल. त्याला जेवायला वाढावं आणि ऐकून घ्यावं, कारण तो खोटं बोलत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या नदीच्या वळणावरच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या, आणि 2006 साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. बंगालचा कांथा तर जगभर विकला जातो. इकडे जवळच, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. आमच्यासारख्याच कडेने सुरू करून आत जातात आणि चार कोपऱ्यांना घडीची कापडी फुलं लावतात, कारण फुलांवाचून कवंदी उघडी दिसते असं त्या मानतात. आजीने हे सगळं शांतपणे ऐकल्याचं अनेक घरांतून कळतं. तिचा प्रश्न एवढाच असतो: "भित्तीला लावल्या? मग ती मान्सं झोपत्यात कशावर?"

पुतण्याकडे उत्तर नसतं. पण मुद्दा त्याचाही खरा आहे. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत हातशिलाईच्या गोधडीला जो भाव सांगतात तो ऐकून गावाकडची बाई आधी हसते आणि मग गप्प होते. गरिबी होती म्हणून शिवली, गरिबी सरली म्हणून टाकली, आणि आता श्रीमंतांना हवी म्हणून पुन्हा शिवायची, असा हा प्रवास आहे. मधल्या काळात आपण सोलापुरी चादरी घेतल्या, मग पानिपतची वाघाच्या चित्राची ब्लँकेटं घेतली. ती उबदार असतात यात वाद नाही. पण ब्लँकेट फाटलं तर फेकतात. वाकळ फाटली तर तिच्यावर दुसरं लुगडं चढवतात, म्हणजे ती आणखी जाड होते. किरकोळ वस्तू एकत्र आणून मोलाचं काही घडवणं उंब्रजला नवीन नाही. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी आमचा मारुती चुना, वाळू आणि ताग एकत्र करून घडवला अशी परंपरा आहे. तीनही वस्तू सुट्या घेतल्या तर कुणी नमस्कार करणार नाही.

शेवटी कडेने गोट लावावा. गोटाला कापड नवं घ्यावं. इथे काटकसर केली तर कड आधी विरते आणि दोष शेवटची कड शिवणाऱ्यावर येतो. गोटाचा रंग कुणी ठरवायचा? आण्णांनी. त्यांनी हिरवा सांगितला की बायकांनी लाल लावावा आणि पेठेत हिरवा संपला होता असं सांगावं.

राहिली धुणी, आणि कुटुंबाची खरी परीक्षा तीच. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची रीत अजून सुटलेली नाही. वॉशिंग मशिनच्या मागे लागू नये. सहा थरांची वाकळ मशिनमध्ये जाते, पाणी पिते आणि मग मशिन गावभर चालत सुटते. तिला नदीवरच न्यावं. तारळीच्या संगमाकडे कृष्णेचं पाणी भाद्रपदात अजून ओढीला असतं, म्हणून कडेलाच, खडकावर, पोरांना मागे ठेवून धुवावं. कोरडी वाकळ एकटी बाई खांद्यावर टाकून नेते. भिजल्यावर ती चौघांनाही उचलत नाही. पिळताना दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि दोघांनी उलट दिशेला पिळायचं असतं. नवरा-बायको असल्यास हे न शिकवता जमतं. मोटारीला वीज आली का बघायला जाणाऱ्या कर्त्या पुरुषाला याच दिवशी न विसरता सोबत न्यावं. उन्हाळ्यातले त्याचे पाच हजार टाके इथे वसूल होतात.

नवी वाकळ पहिल्या दोन-तीन धुण्यांपर्यंत ताठ असते, गोट मानेला टोचतो आणि दोऱ्याच्या गाठी पाठीला लागतात. तोवर ती पाहुण्यांना द्यावी.